मोटर किती एचपीची घ्यायची?

माझ्या एका मित्राने हिंजवडीतली नोकरी सोडली आणि पाटण तालुक्यात डोंगराच्या कडेला असलेल्या एका वाडीत एकरभर जमीन घेतली. गडी मूळचा कोरेगावचा, घरचा सातबारा हाताशी, म्हणून खरेदी निभावली. दोन खोल्यांचं मातीचं घर बांधलं, अंगणात सडा घालायला शिकला आणि फोन करून म्हणाला, "बास झालं ते यंत्राचं जगणं. आता निसर्गात, साधं राहायचं."

हे मी आईला सांगितलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आमी निसर्गातच हुतो की रं. तवा कुनी फोटू काढाय आलं न्हाय." मग बऱ्याच वेळाने, "गॅस आला तवा कुठं डोळ्याचं पानी थांबलं."

दोघांपैकी कुणालाही चूक म्हणायला माझी जीभ रेटेना. कारखान्यांच्या जगाकडे पाठ फिरवून रानात जाणारी माणसं गेली दोनशे वर्षं जगभर आहेत. ती का जातात आणि त्यांचं गाडं कुठे अडतं, हे समजून घ्यायला आम्हा सातारा-सांगलीकरांना फार लांब जावं लागत नाही. विहिरीपर्यंत गेलं तरी पुरतं.

औद्योगिक समाज म्हटलं की डोळ्यांपुढे धुराडी येतात. त्याऐवजी विहिरीवरची मोटर डोळ्यांपुढे आणा. धडधाकट माणूस दिवसभर न थांबता अंगमेहनत करतो तेव्हा त्याची शक्ती साधारण ७५ वॅट भरते. आठ तास राबला तर ०.६ युनिट. म्हणजे विजेचं एक युनिट ही एका गड्याची दीड दिवसाहून जास्त मेहनत झाली. त्या युनिटला वीजबिलात जे काही रुपये लागतात, तेवढ्यात आज गड्याचा चहा-वडाही होत नाही. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा एक एचपीत दहा गडी बसतात. पाच एचपीची मोटर म्हणजे पन्नास गडी! माझे आजोबा दोन बैल आणि एक मोट घेऊन पहाटेपासून जे पाणी उपसायचे, ते आता माझा चुलतभाऊ अंथरुणातून मोबाइलवर बटण दाबून उपसतो.

हेच गणित कोयनेला लावून बघा. तिथल्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॅट. पूर्ण क्षमतेने चालली तर एका वेळी दोन कोटी साठ लाख माणसं राबल्यासारखं. इतके गडी पगार न मागता हाताखाली आले की समाज बदलणारच. तो का बदलला हे विचारण्यात अर्थ नाही.

पण हे पन्नास गडी फुकटात येत नाहीत. ते भाकरी मागत नाहीत, रोख पैसे मागतात. मोटर आली की स्टार्टर आला, केबल आली, पाइपलाइन आली. वाइंडिंग जळलं की तालुक्याच्या गावी फेरी. हे सगळं शाळू विकून भागत नाही, म्हणून ऊस. उसाला खत, खताला सोसायटीचं कर्ज, कर्ज फिटायला ऊस वेळेत तुटला पाहिजे, आणि तोड कधी मिळेल ते आपल्या हातात नाही. आजोबांचं सगळं पावसावर होतं. पाऊस लहरी खरा, पण त्याला हप्ता नव्हता. चुलतभाऊ बारा ठिकाणी बांधला गेलाय आणि त्यातलं एकही ठिकाण त्याला शिवारातून दिसत नाही. औद्योगिक समाज म्हणजे हे बांधलं जाणं. सुखसोयी त्यातच येतात, आईचा गॅसही त्यातूनच आला. आणि मित्राची घुसमटही त्यातलीच.

या बांधलं जाण्याचा जमाखर्च कागदावर मांडणारा एक गाजलेला माणूस अमेरिकेत होऊन गेला. हेन्री डेव्हिड थोरो. मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्ड गावाबाहेर वॉल्डन नावाचं तळं आहे. त्याच्या काठी, मित्राच्या जागेत, त्याने २८ डॉलर साडेबारा सेंटमध्ये खोली बांधली आणि ४ जुलै १८४५ रोजी तिथे राहायला गेला. दोन वर्षं, दोन महिने, दोन दिवस राहिला. घेवड्यासारख्या शेंगा लावल्या, खिळ्यांचासुद्धा खर्च लिहून ठेवला. आईचं घर चालत जाण्याइतकं जवळ होतं आणि तो तिकडे जेवायला जायचा, यावरून त्याची आजही टिंगल होते. मला ती टिंगल पटत नाही. तो काही वनवासाला गेला नव्हता, हिशेब करायला गेला होता. हिशेबाला बसणारा माणूस जेवायला घरी गेला तर बिघडलं काय?

त्याचं म्हणणं थोडक्यात असं : वस्तूची खरी किंमत म्हणजे ती मिळवण्यासाठी आपण आयुष्यातले किती दिवस देतो ते. त्या तळ्याच्या कडेने नवी रेल्वे जात होती. फिचबर्ग गाव ३० मैलांवर, तिकीट ९० सेंट, म्हणजे तेव्हाची जवळपास एका दिवसाची मजुरी. थोरो म्हणाला, तू तिकिटाचे पैसे कमवायला आज दिवसभर राबणार, मी आत्ता चालायला लागतो. बघू कोण आधी पोचतं.

हे आपल्याकडे लावून बघा. समजा, एका पोराला एमआयडीसीत महिना अठरा हजार मिळतात. गाडीचा हप्ता साडेतीन हजार, पेट्रोल-सर्व्हिसिंगला अडीच. झाले सहा हजार, पगाराचा तिसरा हिस्सा. म्हणजे महिन्यातले आठ-नऊ दिवस तो त्या गाडीसाठी राबतो, जी त्याला कामावर जाण्यासाठी लागते. वाडीवर दुसरी सोय नाही म्हणून गाडी सोडताही येत नाही. थोरो एकटा होता, अविवाहित होता, त्याला चालत जाणं परवडलं. इथे त्याचा हिशेब बरोबर ठरतो, उपाय मात्र गळून पडतो.

हीच चिंता दुसऱ्या वाटेने गांधीजींकडे आली. १९०४ साली जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना त्यांनी रेल्वेत जॉन रस्किनचं अर्थशास्त्रावरचं एक पुस्तक वाचलं, रात्रभर झोप लागली नाही, आणि त्याच वर्षी फिनिक्सची वसाहत उभी राहिली : शेती करायची, छापखाना चालवायचा, सगळ्यांना सारखी मजुरी. (त्या झपाटलेल्या विचारालाही रेल्वेचा डबाच लागला, याची मला गंमत वाटते.) १९०९ मध्ये त्यांनी यंत्रांवर अगदी कडक शब्दांत टीका केली. 'गांधी म्हणजे यंत्रविरोधी' हे समीकरण तिथूनच लोकांच्या डोक्यात बसलं. पण १९२४ साली कुणीतरी थेट विचारल्यावर त्यांनी शिवणयंत्राला अपवाद दिला. सिंगरने ते यंत्र बायकोला हाताने टाके घालताना बघून केलं, त्यामागे माया आहे, असं त्यांचं म्हणणं. मग पुढचा प्रश्न आलाच : शिवणयंत्र हवं तर ते बनवणारा कारखाना हवा, कारखान्याला वीज हवी. त्यालाही त्यांनी नाही म्हटलं नाही. असे कारखाने खाजगी नफ्यासाठी चालू नयेत एवढंच म्हणाले.

आणि मग १९२९ सालची ती स्पर्धा. माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली तिथे आहे. अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळातले लाख रुपये! अटी वाचण्यासारख्या आहेत. चरखा हलका हवा, खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालवता यावा. बाईमाणसाला फारसं न दमता आठ तास चालवता आला पाहिजे. आठ तासांत १६,००० वार सूत निघालं पाहिजे. किंमत १५० रुपयांच्या वर नको. आणि वेळच्या वेळी देखभाल केली तर २० वर्षं टिकला पाहिजे.

यंत्राचा द्वेष करणारा माणूस अशा अटी लिहील का? या अटी एखाद्या इंजिनियरच्या आहेत. फरक एवढाच, की यंत्र किती वेगाने चालेल याच्या जोडीला ते कुणाच्या घरात बसेल, कोण चालवेल, बिघडलं तर कुणाच्या खिशाला चाट बसेल, हेही आधीच ठरवून टाकलंय. म्हणजे आधी माप, मग यंत्र.

ही स्पर्धा थेट आमच्या भागात आली. काळे नावाच्या कारागिराने घडवलेला 'किर्लोस्कर चरखा' या बक्षिसासाठी पुढे आला. किर्लोस्करवाडी पलूसजवळ, म्हणजे आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. बक्षीस शेवटपर्यंत कुणालाच मिळालं नाही. पण लोखंड ओतणाऱ्या कारखान्याने गांधींच्या चरख्यासाठी घाम गाळावा, ही गोष्ट 'यंत्र की निसर्ग' असल्या वादात कुठे बसवायची?

औंध संस्थानाची गोष्ट त्याहून विलक्षण. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला तेव्हा, १९१० साली, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला. लोखंडी नांगराने जमीन नासते असा तेव्हा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली होती. पुढे रयत शिक्षण संस्था काढणारे भाऊराव पाटील काही काळ हेच नांगर विकत गावोगाव हिंडले. म्हणजे औंधच्या राजाने कारखान्याला हात दिला. आणि त्याच राजाने १९३९ साली आपली सत्ता गावपंचायतींच्या हवाली केली. सातारा, सांगलीकडच्या मुलखात विखुरलेली सगळी मिळून ७२ गावं. राजपुत्र अप्पा पंत आणि मॉरिस फ्रीडमन यांनी त्यासाठी खटपट केली, घटनेच्या मसुद्यावर गांधीजींचा हात फिरला.

हा फ्रीडमन कोण? वॉर्सात जन्मलेला, विजेचा इंजिनियर, बेंगळुरूच्या सरकारी विद्युत कारखान्याचा व्यवस्थापक. भगवे कपडे घातले, भारतानंद नाव घेतलं आणि औंधात येऊन राहिला. कारखाना आतून बघितलेला माणूस खेड्यात आला, पण येताना डोकं बाहेर ठेवून आला नाही. सूत कातायची धनुष तकली त्याचीच. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत, जिथे कैदी भिंतीशिवाय, कुटुंबासह शेती करत राहतात, तीही त्याच्याच कल्पनेतून निघाली. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरून सुचला. औंधचा हा प्रयोग १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं तसा संपला. नऊ वर्षांत एखाद्या गोष्टीची पारख होत नाही, त्यामुळे तो यशस्वी झाला की फसला यावर वाद घालण्यात मी पडत नाही.

साधं म्हणजे अडाणी, हा समज मोडायला हरिपूरची पेवं पुरेत. सांगलीजवळच्या या गावात हळद जमिनीतल्या खोल खड्ड्यांत साठवायचे. तोंड लिंपून बंद केलं की आतली हवा खेळायची थांबते, किडीला जगता येत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते. वीज नको, बिल नको. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं, बरीच नासली, आणि हळद शीतगृहांकडे गेली. खुळेपणा म्हणून कुणी पेव सोडलं नाही. पूर आला.

आता मित्राच्या फोनकडे परत येतो. त्याला मी एक अडचण सांगितली होती, ती त्याला आवडली नाही. १८६५ साली विल्यम जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की वाफेची इंजिनं कमी कोळशात जास्त काम करायला लागली तसा कोळशाचा एकूण खप वाढला. स्वस्त पडतंय म्हटल्यावर इंजिनं आणखी ठिकाणी बसली. हे समजायला इंग्लंड कशाला? आपल्या शिवारात बघा. ठिबक बसवलं, पाणी वाचलं, आणि वाचलेल्या पाण्यावर आणखी एकरभर ऊस आला. विहीर होती तिथेच. म्हणून तू सोलर लावलास, बल्ब बदललेस, तरी वाचलेलं कुठे जातं हे कुणी ठरवलं नसेल तर ते दुसरीकडे खपणारच. एकट्याच्या साधेपणाला समाजाच्या हिशेबात फार वजन नाही. त्याच्या स्वतःच्या झोपेला असेल.

मिळून ठरवलं तर काय होतं, ते येरळा नदीवर बघायला मिळालं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. त्यातले कितीतरी खानापूर, माण, खटाव, पाटणचे. ही माणसं सुट्टीपुरती गावाला येत, आता मुक्कामाला आली. म्हणजे निसर्गात परतली म्हणायचं, पण कुणी हौसेने नाही. गावात दुष्काळ, येरळेत फक्त वाळू, आणि ती वाळूही ठेकेदार उपसून नेणार. विट्याच्या आसपास याच संपकऱ्यांनी मुक्ती संघर्ष चळवळ धरली. डॉ. भारत पाटणकर त्यांच्यासोबत होते. तांदूळवाडी-बलवडीच्या लोकांनी थोडी वाळू स्वतः विकून त्या पैशातून बळीराजा धरण बांधायला घेतलं.

धरण तसं छोटंच. मोठी होती ती वाटणी. पाणी जमिनीच्या मापाने वाटायचं नाही, घराच्या मापाने वाटायचं. ज्याच्याकडे जमीन नाही त्यालाही हिस्सा. आणि या पाण्यावर ऊस लावायचा नाही. सांगली जिल्ह्यात बसून ऊस लावायचा नाही असं ठरवणं म्हणजे काय, हे इथल्या माणसालाच कळेल. 'एका कुटुंबाला पोट भरून जगायला किती पाणी पुरे' हा प्रश्न आधी, पीक नंतर. पुन्हा तेच : आधी माप.

गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर हाच प्रश्न जमिनीच्या बाजूने सोडवत होते. ते दाभोळकर घराणं साताऱ्याचं, त्यांचं काम कोल्हापूर आणि तासगावच्या द्राक्षबागायतदारांत. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे, म्हणजे पाव एकर पुरे, ही त्यांची मांडणी. लोक हसायचे. पण ते जमीन मोजतच नव्हते. पानांवर पडणारं ऊन मोजत होते. ऊन सगळ्यांना सारखंच मिळतं, त्यातलं आपण पानांत किती पकडतो यावर सगळं अवलंबून. त्यांच्या 'प्रयोग परिवारा'त शेतकरी स्वतःच्या बागेत प्रयोग करून एकमेकांना कळवायचे. माझं मत विचाराल तर दहा गुंठ्यांत पोट भरेल, पोराची फी भरणार नाही. पण पोटाचं भागलं की फीसाठी राबणाऱ्याला थोडी मान वर करून राबता येतं. हा फरक लहान नाही.

मित्राच्या वाडीतून खाली बघितलं की कोयनेचं पाणी चमकतं. त्या पाण्याखाली गावं आहेत. जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या डोंगरातली माणसं, नाचणी-वरीवर, जंगलाच्या आधाराने साधीच राहत होती. १९६० च्या दशकात धरण झालं, ती उठली. कुणी सोलापूरकडे गेलं, कुणी सांगलीकडे, कुणी कोकणात. पाणी पश्चिमेला पोफळीकडे वळलं आणि वीज तारांवरून मुंबईकडे गेली. पुढे कोयना अभयारण्य झालं, चांदोली राष्ट्रीय उद्यान झालं, २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. जी गावं धरणातून वाचली होती त्यातली काही आता वाघासाठी उठली. वाघ हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याच काठावर आज 'निसर्गाच्या कुशीत दोन रात्री' असे बोर्ड लागतात, चुलीवरच्या भाकरीला वेगळा दर असतो, आणि वाढायला उभा असलेला पोरगा उठलेल्या गावातल्याच कुणाचा तरी नातू असतो. आईने फोटोचं म्हटलं ते या पोरालाही लागू पडतं. साधं जगणं निवडता येणं आणि साधं जगणं वाट्याला येणं यांत अंतर आहे, आणि मित्राचं मातीचं घर त्या अंतराच्या अलीकडच्या बाजूला आहे. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "माहितेय रे. म्हणून काय परत जाऊ?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर नसलं की आपण कामाला लागतो. त्याच्या जमिनीत ओढ्याकडेला जुनी विहीर आहे, दहा मीटरांच्या आतबाहेर. दहा गुंठे भाजीपाला, चार झाडं, घरचं पाणी. मी कागदावर मांडून दाखवलं : अर्ध्या एचपीची मोटर एवढ्या खोलीवरून तासाला तीन-चार हजार लिटर चढवेल. दिवसाला दोन तास चालवली तरी पाणी पुरेल. पाच गडी, तेही दोनच तासांचे. तो खूश झाला. आम्ही पाटणला दुकानात गेलो.

दुकानदाराने आधी तीनचीच काढून ठेवली होती. आम्ही अर्ध्याची मागितली तर त्याने आमच्याकडे एकवार निरखून बघितलं. "आहे की. पण ती घरच्या टाकीला नेतात. शेताला म्हणून कोण नेत नाही." मित्र म्हणाला, शेत दहा गुंठेच आहे. "आज दहा असंल हो. उद्या वाढवावं वाटलं तर? मग ही कुठं टाकणार?"

मित्राने माझ्याकडे बघितलं. मी दुकानाबाहेर उभ्या उसाच्या ट्रॉलीकडे बघत राहिलो. बराच वेळ घासाघीस झाली, किमतीची कमी आणि एचपीची जास्त. शेवटी एकची घेतली. म्हणजे दहा गडी. खोकं मांडीवर घेऊन मी त्याच्या गाडीवर मागे बसलो. घाटात चढ लागल्यावर तो मागे न बघता म्हणाला, "पाच तर पाच, जास्तीचे असू देत. पाहुणे आलेत समज."